वेस्टमिन्स्टरच्या आश्रयातील माता

इंग्लंडच्या गादीसाठी लँकॅस्टर व यॉर्क या राजघराण्यांत १४५५ पासून तीसेक वर्षे जी भाऊबंदकी पेटली, तिला इतिहासाने 'गुलाबांची युद्धे' असे नाजूक नाव दिले आहे. या कथेत रणांगणांची नावे फार. परंतु तिचा शेवट ज्या दोन मातांनी घडविला, त्यांच्याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष जात नाही.

एप्रिल १४८३ मध्ये यॉर्क घराण्याचा राजा चौथा एडवर्ड निवर्तला. बारा वर्षांचा वारस काका रिचर्डच्या ताब्यात सापडताच राणी एलिझाबेथ वुडव्हिल हिने पाच मुली व धाकटा मुलगा यांसह वेस्टमिन्स्टरच्या मठात आश्रय घेतला. अशा आश्रिताला हात लावावयाचा नाही, असा तेव्हा दंडक होता. १६ जून रोजी, मठाला सैनिकांचा वेढा असताना, धाकट्याला बाहेर धाडण्यास तिचे मन कोणी वळविले? कँटरबरीचे आर्चबिशप, कार्डिनल टॉमस बर्शियर यांनी. रक्तपात टळावा, एवढाच त्यांचा हेतू असेलही. पण धर्मगुरू म्हणून हे वाचताना आमची मान खाली जाते. नऊ वर्षांचा तो बालक लंडनच्या टॉवरमध्ये भावाजवळ गेला आणि त्या उन्हाळ्यानंतर दोघेही कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. काका तिसरा रिचर्ड म्हणून गादीवर बसला.

दुसरी माता लँकॅस्टर पक्षाची, मार्गारेट बोफर्ट. बारा वर्षांची असताना लग्न, तेरा वर्षांची असताना वैधव्य आणि पाठोपाठ, जानेवारी १४५७ मध्ये, पेम्ब्रोकच्या किल्ल्यात प्रसूती. पुढे तिला मूल झाले नाही. तो एकुलता मुलगा हेन्री ट्यूडर ब्रिटनीत परागंदा होता. रिचर्डच्या राज्याभिषेकात नव्या राणीच्या वस्त्राचा घोळ धरून चाललेली मार्गारेट थोड्याच काळात एलिझाबेथशी संधान बांधू लागली. लुईस कार्लियन नावाचा वैद्य दोघींकडे जाई. वैद्याला कोण अडविणार? हेन्रीने एलिझाबेथच्या थोरल्या मुलीशी विवाह करावा, असे ठरले. त्या शरदातले बंड फसले, तरी नाताळच्या दिवशी हेन्रीने रेनच्या कॅथेड्रलमध्ये तशी शपथ वाहिली.

१४८४ मध्ये संसदेने मार्गारेटची मालमत्ता काढून घेतली, ती दिली मात्र तिच्याच पतीला, लॉर्ड स्टॅन्लीला! २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या मैदानावर तिच्या दिराची फौज ऐनवेळी हेन्रीच्या बाजूने उतरली आणि रिचर्ड पडला. वधूवर नात्यातले असल्याने पोपमहोदयांच्या प्रतिनिधींकडून सूट मिळवून १८ जानेवारी १४८६ रोजी विवाह लागला.

एलिझाबेथ १४९२ मध्ये बर्मंडसीच्या मठात वारली. राणी झालेल्या लेकीला देण्याजोगे ऐहिक धन आपल्यापाशी नाही, असे तिने मृत्युपत्रात लिहून ठेवले आहे.