बारदेशचें मीठ आणि इ. स. १८७८ चा जकातसंघ

शिवछत्रपतींनीं इ. स. १६७१ त कुडाळचा सरसुभेदार नरहरि आनंदराव यास बारदेशच्या मिठाविषयीं लिहिलेलें पत्र आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचें आहे. बारदेशांत मीठ स्वस्त, संगमेश्वराकडे तें महाग. म्हणून उदमी बारदेशाकडे वळतात व स्वराज्यांतील बंदरांची आवक बुडण्याची भीति उत्पन्न होते. यासाठीं बारदेशी मिठावर जबर जकात बसवावी, इतकी कीं विक्रीच्या ठिकाणीं तें संगमेश्वरी मिठाहून महाग पडावें, असा त्या आज्ञेचा मथितार्थ आहे. आपल्या मुलुखांतील मालाच्या संरक्षणाचें उदाहरण म्हणून हें पत्र आजवर अनेकांनीं पुढें मांडिलें आहे व तें योग्यच आहे. परंतु त्याच मिठाची दोनशें वर्षांनंतर काय गत झाली, इकडे जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. इ. स. १८७८ च्या डिसेंबरांत लिस्बन येथें इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यांत जो तह झाला, त्यानें गोवें, दमण व दीव हा पोर्तुगीज मुलूख आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांमधील जकातीची हद्द बारा वर्षेंपर्यंत मोडून टाकिली. हा तह मुरगांवच्या आगगाडीचा तह म्हणून ओळखण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें त्याचें मर्म आगगाडींत नसून मिठांत आहे, आणि १६७१ चें पत्र जवळ ठेवून तो वाचला असतां हें मर्म सहज उलगडतें.

प्रथम भूमि पाहूं. बारदेश, तिसवाडी व साष्टी हा पोर्तुगीजांचा जुना मुलूख खाड्यांनीं चिरलेला. भरतीचें पाणी वाफ्यांत घ्यावें व उन्हांत आटवावें, एवढीच मिठाची कृति असल्यामुळें तेथें मिठागरें पूर्वापार होतीं. हडफडें व रायबंदर हीं त्यांचीं ठळक ठिकाणें, आणि पेडण्यांतील आगरवाडा तर नांवानेंच आपली वृत्ति सांगतो. घाटमाथ्यावर मीठ पिकत नाहीं. त्यामुळें वंजाऱ्यांचे तांडे धान्य घेऊन खालीं उतरत व परततांना बैलांच्या पाठीवर मीठ लादून रामघाट, तिनईघाट अशा वाटांनीं वर चढत. या येरझारेवर ज्याची चौकी, त्यास उत्पन्न. माल भरतांना थळभरीत, मोडतांना थळमोड आणि वाटेंत नाक्यानाक्यावर रहदारी जकात, अशी ही व्यवस्था जुन्या दप्तरांत पदोपदीं आढळते. इ. स. १७६३ पासून १७८८ पर्यंत फोंडें, सत्तरी, डिचोली, पेडणें इत्यादि महाल पोर्तुगीजांकडे गेल्यावर त्यांची हद्द सह्याद्रीस जाऊन भिडली, आणि १८१८ नंतर घाटमाथ्याचा धनी बदलला. तांडे मात्र त्याच वाटांनीं जात राहिले.

नव्या धन्यानें आपल्या मुलुखांतील रहदारी जकाती एकामागून एक उठविल्या. चार्ल्स ट्रेव्हेल्यन यानें बंगालमधील जकातनाक्यांच्या जाचाचें वर्णन करून त्यांवर कोरडे ओढिले, व त्यानंतर बंगालमध्यें १८३६ त, मुंबई इलाख्यांत १८३८ त आणि मद्रासेंत १८४४ त या जकाती बंद झाल्या. व्यापारास हें मोठेंच सुख झालें, हें कोणीहि कबूल करील. परंतु मिठावरील कर राहिला, इतकेंच नव्हे तर तो वाढत गेला. मुंबई व मद्रास इलाख्यांत मणामागें १ रुपया १३ आणे असलेला कर १८७८ च्या सुमारास २ रुपये ८ आणे झाला. कर जसजसा चढला तसतसें करमुक्त शेजारच्या मिठाचें आकर्षण वाढलें, हें सांगावयास नकोच. उत्तर हिंदुस्थानांत याच कारणास्तव सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारें २,३०० मैलांची जकातरेषा उभारलेली होती. तिचा बराच भाग कांटेरी कुंपणाचा होता, व तिच्या रखवालीस एके काळीं सुमारें १२,००० माणसें खपत होतीं. चीनच्या भिंतीची आठवण करून देणारें हें कुंपण आज नकाशावर शोधावें लागतें.

ही रेषा १ एप्रिल १८७९ रोजीं मोडली. ती मोडतां आली याचें कारण लक्षांत घेण्यासारखें आहे. सरकारला दया आली म्हणून ती मोडली नाहीं. मीठ जेथें उपजतें तीं ठिकाणेंच सरकारच्या हातीं आलीं म्हणून मोडली. जयपूर व जोधपूर या दरबारांकडून सांभर सरोवर १८७० तच ठरावीक रकमेवर घेण्यांत आलें होतें. इतर रजपूत संस्थानांशीं करार झाले. आणि उगमावरच कर घेतां येऊं लागल्यावर वाटेवर पहारा ठेवण्याची गरज उरली नाहीं. हाच धडा नकाशाच्या दक्षिण टोंकाकडे वळविला म्हणजे लिस्बनचा तह होतो. सर जॉन स्ट्रेची हा त्या वेळीं हिंदुस्थान सरकारचा अर्थमंत्री; उत्तरेकडील रेषा मोडण्याचें श्रेय त्याचें. गोव्याचीं मिठागरें म्हणजे दक्षिणेंतलें सांभर होय, असें आम्ही म्हणतों तें याच अर्थानें.

तह २६ डिसेंबर १८७८ रोजीं झाला. इंग्लंडकडून रॉबर्ट मोरियर व पोर्तुगालकडून परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्व्हु यांनीं तो ठरविला. जानेवारी १८८० पासून तो अंमलांत आला व त्याची मुदत बारा वर्षांची होती. दोन मुलुखांमधील खुष्कीच्या हद्दीवरील जकाती रद्द झाल्या. पोर्तुगीज बंदरांत बाहेरून येणाऱ्या मालास ब्रिटिश हिंदुस्थानचेंच जकातीचें मान लागू झालें. अफूच्या लागवडीवर व निर्गतीवर निर्बंध आला. गोव्यांतील आबकारी ब्रिटिश पद्धतीवर आणावयाचें ठरलें. मुरगांव बंदर व तेथून घाट चढणारा लोहमार्ग यांची तजवीज झाली. आणि मिठागरांवरील देखरेख, मिठाची पैदास व विक्री यांचें नियमन ब्रिटिश सरकारकडे गेलें. याच्या मोबदल्यांत दरसाल ४ लाख रुपये पोर्तुगीज सरकारला मिळावयाचे होते.

शेजारच्या राज्यांनीं आपसांतील जकाती उठवून बाहेरच्या जगास एकच जकात लावावी, ही कल्पना त्या काळीं नवी नव्हती. प्रशियाच्या पुढाकारानें १८३४ त जर्मन राज्यांचा जकातसंघ उभा राहिला होता. तथापि दोहोंत एक भेद असा आहे कीं तो नजरेआड करतां येत नाहीं. जर्मन संघांत जकातीचें उत्पन्न लोकसंख्येच्या मानानें वांटलें जाई, आणि संघाच्या परिषदेंत लहान राज्यासहि नकार देण्याचा अधिकार होता. लहानांस प्रशियाचा धाक होता हें खरें. पण नकाराचा शब्द त्यांच्या तोंडीं होता. गोव्याच्या वांट्यास जकातीचें जें मान आलें तें कलकत्त्यास ठरणारें होतें, आणि कलकत्त्याचे कान गोव्यापेक्षां लंडनकडे व मँचेस्टरकडे अधिक टवकारलेले असत.

याचा प्रत्यय दोन वर्षांतच आला. मार्च १८८२ त अर्थमंत्री एव्हलिन बेअरिंग यानें सुती कापडासह बहुतेक सर्व मालावरील आयात जकात काढून टाकिली. मीठ, दारू व शस्त्रास्त्रें अशीं थोडीं कलमें तेवढीं उरलीं. मिठाचा कर त्याच वर्षीं मणामागें २ रुपयांवर आणिला, ही जमेची बाजू. ब्रिटिश हिंदुस्थानास ही सूट झेपण्यासारखी होती, कारण त्याच्या तिजोरीस जमिनीचा सारा, अफू व मीठ हे भक्कम आधार होते. गोव्यासारख्या चिमुकल्या मुलुखाच्या तिजोरीस बंदराच्या जकातीची जागा भरून काढणें तितकें सोपें नव्हतें. ज्या मानाशीं त्यानें आपणांस बांधून घेतलें होतें तेंच मान शून्यावर आलें. शेजाऱ्याशीं जकात नाहीं व परक्याशींहि जवळजवळ नाहीं, अशी ही स्थिति. या तहावर लिहितांना लोहमार्गाच्या मैलांचा हिशेब देणारे १८८२ च्या या घटनेस एका ओळींत आटोपतात, याचें आम्हांस आश्चर्य वाटतें.

आतां मिठागरांकडे वळूं. १६७१ त जकात हद्दीवर होती. बारदेशचा मीठगावडा आपल्या वाफ्यांत हवें तितकें मीठ पिकवी, व त्याचा माल घाट चढूं लागला म्हणजे तो चौकीवर अडे. १८८० नंतर वाट मोकळी झाली, पण चौकी वाफ्याच्या बांधावर येऊन बसली. कोणतीं आगरें चालावीं, मीठ कोठें सांठवावें, या गोष्टी आतां परक्या सरकारचे अंमलदार पाहूं लागले. लहान आगरांवर देखरेख ठेवणें खर्चाचें, म्हणून असल्या व्यवस्थेंत पहिला घाव लहानांवरच पडतो. ज्या मिठाच्या स्वस्तपणामुळें एका छत्रपतीला आज्ञापत्र लिहावें लागलें, तें मीठ आपला स्वस्तपणा गमावून बसलें. जकात उठली खरी. पण किंमतींतील जो भेद व्यापारास जन्म देतो, तोच भेद या तहानें पुसून टाकिला. माडांची गोष्ट याहून वेगळी नाहीं. नव्या आबकारी पद्धतीचा जाच सूर काढणाऱ्या रेंदेरास व भंडाऱ्यास झाला, आणि तहाविरुद्ध गोव्यांत जी ओरड झाली तींत या लोकांचा आवाज मोठा होता.

कोणी म्हणेल कीं मोबदल्याचे ४ लाख रुपये कांहीं थोडे नव्हेत. खरें आहे. परंतु ही रक्कम लोहमार्ग कंपनीस दिलेल्या व्याजाच्या हमींत गुंतली. लंडनमध्यें स्थापन झालेल्या या कंपनीच्या कामांत ड्यूक ऑफ सदरलंड याचें अंग होतें. मुरगांवापासून कॅसलरॉकपर्यंत सुमारें ५१ मैलांचा मार्ग १८८८ पर्यंत तयार झाला व सदर्न मराठा रेल्वेस जोडला गेला. हुबळी-धारवाडचा कापूस कारवारास उतरवावा अशी मुंबईकडील मंडळींची जी जुनी आकांक्षा होती, ती या मार्गानें मागें पडली. दूधसागराच्या धबधब्यावरून जाणारा हा घाट पाहून कोणाचेंहि मन प्रसन्न होईल. मात्र मालाची आवक अपेक्षेप्रमाणें न झाल्यानें हमीचें ओझें गोव्याच्या तिजोरीवर पडत राहिलें. म्हणजे मिठाचा मोबदला मिठागरवाल्याकडे न जातां रुळांखालीं गेला. तरीहि हा मार्ग व्यर्थ गेला असें आम्ही म्हणत नाहीं. तह संपला, मुरगांवचें बंदर राहिलें. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लोखंडाच्या खनिजानें त्यास जी भरभराट दिली तिचा पाया याच वर्षांत घातला गेला.

नाणीं जमविणाऱ्यांसाठीं येथें एक गोष्ट नमूद करितों. जकात एक तर नाणें एक, या न्यायानें १८८० त दोन सरकारांत नाण्याविषयींहि करार झाला. जुन्या शेराफिंच्या जागीं ब्रिटिश रुपयाच्या वजनाचा व कसाचा पोर्तुगीज रुपया आला. राजा लुईश याच्या मुखवट्याचे १८८१ व १८८२ सालचे हे रुपये बाजारांत अद्यापि मिळतात. त्यांची गणना केवळ गोव्याच्या नाण्यांत करून त्यांस बाजूला ठेवूं नये. जकातसंघाचा हातांत धरतां येईल असा पुरावा तोच होय.

तहाची मुदत जानेवारी १८९२ त संपली व ती वाढविली गेली नाहीं. आफ्रिकेंतील मुलुखावरून इंग्लंडनें जानेवारी १८९० त पोर्तुगालला दिलेल्या निर्वाणीच्या खलित्यानें दोन्ही देशांत कडवटपणा आलाच होता. हद्दीवर जकातीचीं ठाणीं पुन्हां बसलीं, मिठागरांवरील ब्रिटिश ताबा सुटला, आणि गोव्याचें सरकार आपलें जकातीचें मान पुन्हां स्वतः ठरवूं लागलें. पुढें दोनच वर्षांनीं, मार्च १८९४ त, पैशाच्या ओढीनें हिंदुस्थान सरकारनें आयातीवर शेंकडा ५ ची जकात पुन्हां बसविली. म्हणजे ज्या काळांत सामायिक जकातींतून गोव्यास कांहीं मिळतें तो काळ नेमका तहाच्या बाहेर पडला. घाटावरील ही हद्द त्यानंतर १९६१ च्या डिसेंबरापर्यंत टिकली.

आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति आहे. सरहद्दीवरील घराण्यांच्या रुमालांत १८१८ नंतरचे कागद निघाले कीं ते अर्वाचीन म्हणून रद्दींत टाकण्याची खोड आपल्यांत आहे. सांवतवाडी, पेडणें, डिचोली, खानापूर या बाजूच्या वाणी व वंजारी मंडळींच्या वह्या हातीं आल्यास त्यांतील मिठाचे भाव सालवार उतरून घ्यावे, विशेषतः १८७७ पासून १८९५ पर्यंतचे. त्या बारा वर्षांत हद्दीवरील जकातीच्या पावत्या सांपडूं नयेत; सांपडल्या तर त्या कोणीं, कोणत्या मालावर व कोठें घेतल्या, हें पाहणें अगत्याचें आहे. गोव्याकडील गांवकऱ्यांच्या दप्तरांत मिठागरांच्या खंडाच्या नोंदी असतात. त्यांतील एखादें आगर १८८० च्या आधीं खंड देत असून पुढें पडीक लागलेलें दिसलें, तर त्याचें नांव व गांव या त्रैमासिकाकडे अवश्य कळवावें.