धमन्यांचा नकाशा

आमच्या साखऱ्यात म्हाताऱ्याची लघवी अडली की 'वय झालं' म्हणायचं आणि गप्प बसायचं. वडील नळी लागेपर्यंत गप्प राहिले.

माझी प्रोस्टेट ग्रंथी वाढली तेव्हा डॉक्टरांनी सीटी स्कॅनवर ओटीपोटातल्या धमन्या दाखवल्या. मी भूगोल शिकवलेला माणूस. मला त्या नदीच्या फाट्यांसारख्या दिसल्या. १९७१ साली लंडनमध्ये सीटीने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. पुढे २००८ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोत डॉ. कार्नेव्हाले यांनी लघवी तुंबलेल्या रुग्णांच्या धमनीत बारीक नळी घालून, सूक्ष्म कण सोडून ग्रंथीचा रक्तपुरवठा तोडला. ग्रंथी आकसली. पण शेजारीच मूत्राशयाचे, गुदाशयाचे फाटे. चुकीच्या फाट्यात कण गेले तर इजा तिकडे! म्हणून आधी नकाशा.

परवा पारावर हे सांगितलं. दोघं हसले, एक उठून गेला. संध्याकाळी तोच घरी आला.