कामगारांचा इतिहास आणि सरकारी दप्तर

कामगार संघटनांच्या इतिहासाची साधने कोठे शोधावीत, असे कोणी विचारले तर मी प्रथम सरकारी दप्तराकडे बोट दाखवीन. मात्र ते दप्तर अपुरे आहे, हेही लगेच सांगेन.

मद्रासचे उदाहरण पाहू. तेथे 27 एप्रिल 1918 रोजी मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. देशातील पहिल्या सुसंघटित कामगार संघटनांमध्ये तिची गणना होते. बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांची दुःखे जवळून पाहणारे सेल्वपती चेट्टी आणि रामानुजुलु नायडू या दोन दुकानदारांनी बी. पी. वाडिया यांना गाठले आणि त्यातून ही संघटना उभी राहिली. पुढे 1920 च्या संघर्षात बिन्नी कंपनीने पुढाऱ्यांविरुद्ध उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळविला. संघटनेला कायद्याचे संरक्षण नाही, हे त्यामुळे उघड झाले. ना. म. जोशी यांनी 1921 मध्ये केंद्रीय विधिमंडळात ठराव मांडला आणि 1926 मध्ये कामगार संघटना कायदा संमत झाला.

या कायद्यान्वये प्रत्येक नोंदणीकृत संघटनेने जमाखर्च, पदाधिकारी व नियमांतील बदल दरवर्षी निबंधकाला कळविणे बंधनकारक झाले. अशा रीतीने निबंधकाचे कार्यालय नकळत इतिहासाचे कोठार बनले. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. रद्द झालेल्या कायद्याचे कागद म्हणजे रद्दी, असा समज कार्यालयांत सहज रुजतो. शिवाय 1993 चा केंद्रीय सार्वजनिक अभिलेख कायदा राज्यांच्या कार्यालयांना लागू नाही, आणि बहुतेक निबंधक राज्य शासनाचेच अधिकारी असतात. म्हणून जुन्या नोंदवह्या नष्ट करण्यापूर्वी त्या राज्य अभिलेखागाराला दाखविण्याचा स्पष्ट आदेश प्रत्येक राज्याने काढावा, असे मला वाटते.

तरीही कागद पुरेसे नाहीत. याच गिरण्यांतील 1921 च्या संपात आदिद्रविड आणि इतर कामगारांत फूट पडली व दंगली झाल्या. शासनाच्या दृष्टीने तो मुख्यतः कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न होता. संपकाळात चूल कशी पेटली, उधार कोणी दिले, शेजारी वैरी का झाले, हे कोणत्याही अहवालाच्या रकान्यात बसत नाही. ते माणसांनाच विचारावे लागते. व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेने 1998 मध्ये श्रम इतिहासकारांच्या सहकार्याने भारतीय श्रम अभिलेखागार सुरू केले. तेथे कागदपत्रांबरोबर कामगारांच्या मौखिक निवेदनांनाही स्थान मिळाले, हे योग्यच झाले.

असे काम एका संस्थेवर सोपवून भागणार नाही. औद्योगिक जिल्ह्यांतील कामगार कार्यालयांनी वृद्ध कार्यकर्त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यास फार मोठा निधी लागत नाही. कागद काही वर्षे वाट पाहू शकतो. माणसे तेवढी थांबत नाहीत.