विरत्या आवाजाची कुळकथा

संगणकावर गाण्याचा शेवटचा तुकडा निवडायचा, 'फेड आउट'वर टिचकी मारायची, की आवाज उतरत उतरत नाहीसा होतो. आज हे क्षणाचं काम आहे. पण आवाज असा विरवण्याची हौस संगणकाहून आणि ध्वनिमुद्रणाहूनही जुनी आहे. सुरुवातीला त्यासाठी माणसांनाच हलावं लागे.

1772 साली संगीतकार हायडनने एस्टरहाझी सरदारांच्या पदरी असताना एक सिंफनी रचली. तिच्या अखेरीस वादक एकेक करून उठून जातात आणि शेवटी फक्त दोन व्हायोलिनं उरतात. संगीतकार गुस्ताव होल्स्टने 'द प्लॅनेट्स' या वाद्यवृंदासाठीच्या रचनेत याहून धीट युक्ती केली. 'नेपच्यून' या भागातला स्त्रियांचा गायकवृंद शेजारच्या खोलीत बसवायचा, शेवटचं आवर्तन त्यांनी गात राहायचं आणि मधलं दार अगदी सावकाश, आवाज न करता लावून घ्यायचं, अशी सूचना त्याने स्वरलिपीतच लिहून ठेवली. सप्टेंबर 1918 मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये एड्रियन बोल्टच्या संचालनाखाली ही रचना प्रथम वाजली. आवाज उतरवण्याचं काम तिथे एका दाराने केलं.

ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या पर्वातही वेगळी गत नव्हती. कर्ण्यात शिरलेला आवाज थेट सुईला हलवी आणि सुई मेणावर रेघ कोरी. आवाज कमीजास्त करायचा तर गाणाऱ्याने कर्ण्यापासून मागेपुढे सरकायचं, एवढाच उपाय. 1925 च्या सुमारास मायक्रोफोन आणि अँप्लिफायर आले आणि चित्र पालटलं. आता आवाज तारेतून विजेच्या रूपाने वाहू लागला. त्या वाटेवर कमीजास्त करता येणारा रोध बसवला, की गायकाला जागचं न हलवता त्याचा आवाज दूर नेता येऊ लागला.

हा रोध बदलायला पुढे बरीच वर्षं ध्वनिमुद्रकांच्या हाती गोल खुंट्याच होत्या. एका हाताने एक, फार तर दोन खुंट्या फिरवता येत. 1950 च्या दशकात न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्समध्ये टॉम डाउड या ध्वनिमुद्रकाने त्यांच्या जागी सरळ रेषेत सरकणाऱ्या पट्ट्या, म्हणजे फेडर, बसवले. आता बोटागणिक एक फेडर आला आणि अनेक वाद्यांचा तोल एकदम सांभाळता येऊ लागला.

ध्वनिफितीने यात आणखी एक भर घातली. पाव इंची फीत कापताना संपादक पातं तिरकं धरत, बहुधा 45 अंशांत. त्यामुळे जोडावर पहिला आवाज संपता संपता दुसरा सुरू होई. सेकंदाला 15 इंच वेगाने धावणाऱ्या फितीवर हा सांधा सेकंदाचा जेमतेम साठावा भाग असे, पण तेवढ्याने जोडावरची 'टिक' टळे. एक आवाज उतरवत दुसरा चढवणारा आजचा क्रॉसफेड हा त्या तिरक्या कापाचाच वंशज.

संगणकाने या साऱ्याचं गणित केलं. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात प्रत्येक सेकंदाचे 44,100 नमुने, म्हणजे आवाजाच्या लहरीची आकड्यांतली मोजमापं, असतात. फेड आउट म्हणजे त्यांना ओळीने 1 पासून 0 पर्यंत घटत जाणाऱ्या आकड्यांनी गुणणं. कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेलं आणि 2000 साली लोकांसमोर आलेलं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत असल्यामुळे ही सोय घरोघरी पोचली.

मात्र इथेच एक फसगत आहे. पडद्यावर सरळ उतरणारी रेघ कानाला सरळ वाटत नाही, कारण कान आवाजातला फरक वजाबाकीने नव्हे, पटीने जोखतो. म्हणून तर आवाज डेसिबलमध्ये मोजतात. दहा सेकंदांचा सरळ रेघेचा फेड घेतला, तर पाच सेकंदांनी आवाज फक्त 6 डेसिबल उतरलेला असतो आणि नऊ सेकंदांनी 20. उरलेली सगळी घसरण शेवटच्या एका सेकंदात होते. गाणं विरत जाण्याऐवजी अचानक गडप झाल्यासारखं वाटतं ते यामुळे. दोन वेगळे आवाज सरळ रेघांनी एकमेकांत मिसळले, तर मध्यावर एकूण पातळी सुमारे 3 डेसिबल खचते. ती भरून काढण्यासाठीच सरळ रेघेऐवजी समशक्तीचा, म्हणजे दोन्ही आवाजांची एकत्रित शक्ती सारखी राखणारा, वक्र वापरतात.

होल्स्टचं दार लावणारा माणूस किंवा डाउडसारखा ध्वनिमुद्रक यांना हे गणित मांडत बसावं लागत नसे. ऐकता ऐकता त्यांचा हात आपोआप मंदावे किंवा वेग घेई. आपण तो हात यंत्राच्या हवाली केला, पण कान हवाली करायचं कारण नाही. तेव्हा सॉफ्टवेअरने पुढे केलेला पहिला फेड तसाच ठेवू नका. दोनतीन वक्र लावून पाहा, पडद्यावरून नजर काढून ऐका, आणि कानाला पटेल तोच ठेवा.