दंतकथा कोणाची?

रिचर्ड मॅथेसनच्या ‘आय अ‍ॅम लेजंड’ (१९५४) या कादंबरीचे भय रक्तपिपासूंत नाही. जंतुबाधितांच्या नव्या समाजाच्या लेखी आपणच दंतकथेतील राक्षस ठरलो, या नेव्हिलच्या अखेरच्या जाणिवेत ते आहे. ‘द लास्ट मॅन ऑन अर्थ’ (१९६४) कथानकाशी सर्वाधिक एकनिष्ठ; तरी त्याचा नायक चर्चमध्ये मरताना इतरांना विकृत आणि स्वतःला माणूस म्हणवतो. ‘द ओमेगा मॅन’मध्ये (१९७१) कारंज्यात हात पसरून पडलेला नायक उघडउघड ख्रिस्तप्रतिमा होतो, त्याचे रक्त औषध. २००७च्या प्रदर्शित चित्रपटात दंतकथा म्हणजे तारणहाराची कीर्ती! त्याच चित्रपटाच्या पर्यायी शेवटात मात्र नेव्हिल बंदिस्त स्त्री तिच्या सोबत्याकडे सुपूर्द करून क्षमा मागतो. मूळ आशयाला सर्वांत जवळचा हा शेवट चाचणी-प्रेक्षकांना रुचला नाही.