गणेशखिंडीतील चालण्याची वाट : एका विद्यापीठीय परिसराचा पायी इतिहास

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीतील परिसर सुमारे ४११ एकरांचा आहे. जमीन बरीचशी सपाट, रस्ते रुंद, झाडी दाट. त्यामुळे उतारवयातील माणसालाही विशेष दम न लागता येथे तासभर चालता येते. पहाटे आणि सायंकाळी फिरावयास येणाऱ्यांत विद्यापीठाशी प्रत्यक्ष संबंध नसलेले नागरिकही मोठ्या संख्येने असतात. आरोग्याच्या अंगाने या चालण्याविषयी पुष्कळ बोलले जाते. प्रस्तुत लेखात मात्र एक निराळा प्रश्न विचारावयाचा आहे : ज्या वाटेवर आज कोणीही सहज चालतो, त्या वाटेवर पूर्वी कोणाला चालता येत होते?

खिंड हे नाव मुळात वाटेचेच आहे. चतुःशृंगीच्या टेकड्यांलगतची ही खिंड गणपतीच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झालेल्या खडकीच्या लढाईत बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखालील पेशव्यांची फौज याच भागातून पुढे सरकली, तर दुसरा बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता. मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक ग्रँट डफ त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूस प्रत्यक्ष हजर होता. लढाईचा निकाल सर्वज्ञात आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, तोवर जाण्या-येण्याची वाट असलेली ही भूमी पुढील अर्धशतकात कुंपणाआड गेली.

मुंबईच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान आधी दापोडीस होते. १८२८ मध्ये सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत तेथील बंगला सरकारने घेतला. पुढे सर बार्टल फ्रिअर यांना ती जागा अपुरी वाटली आणि १८६४ मध्ये गणेशखिंडीत नव्या प्रासादाचे काम सुरू झाले. जेम्स ट्रुबशॉ हा त्याचा वास्तुविशारद. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव चढले होते, मुंबईत पैसा खेळत होता. त्या तेजीच्या वातावरणात आखलेली ही इमारत तेजी ओसरल्यानंतर, १८७१ मध्ये, पूर्ण झाली. तिच्यावरील खर्चाबद्दल लंडनमध्ये टीकाही झाली. उंच मनोरा, लांब सज्जे, भोवती हिरवळ आणि बागेतून वळणे घेत जाणारे गाडीरस्ते अशी ही रचना होती. आज आपण ज्यांना चालण्याचे रस्ते म्हणतो त्यांतील काहींचा आराखडा मुळात घोडागाडीच्या सोयीने झालेला आहे, आणि त्यांची रुंदी व मंद वळणे आजच्या पायी चालणाऱ्यास उपकारक ठरली आहेत, हा इतिहासातील एक गमतीचा योगायोग मानावा लागेल.

या प्रासादाच्या पोटात एक भुयारी मार्गही आहे. नोकरवर्गाने स्वयंपाकघरातून ये-जा करताना पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून तो होता, असे सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते या परिसराच्या सामाजिक इतिहासाचे याहून बोलके साधन दुसरे नाही. वर साहेबांसाठी हिरवळ आणि खाली भारतीय नोकरांसाठी बोगदा : चालणे हीदेखील दर्जानुसार वाटून दिलेली गोष्ट होती. ‘हवा खायला जाणे’ हा वाक्प्रचार आपल्याकडे आज सर्वांच्या तोंडी आहे. ती हवा कोणाच्या वाट्याची होती याची नोंद भाषेने ठेवली नाही, वास्तूने मात्र ठेवली.

२२ जून १८९७ च्या रात्री याच प्रासादात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव साजरा होत होता. प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली पुण्यात सैनिकांनी घरोघर घेतलेल्या झडत्या लोकांच्या मनात ताज्या होत्या. मेजवानी आटोपून परतणाऱ्या रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला आणि रँड ३ जुलै रोजी मरण पावला. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी देण्यात आले. या घटनेचे राजकीय अर्थ अनेकांनी उलगडले आहेत. येथे एवढेच लक्षात घ्यावे की, दिव्यांनी उजळलेला प्रासाद आणि अंधारात दबा धरून थांबलेली माणसे यांच्यामध्ये जो रस्ता होता, तोच आज विद्यापीठाकडे येणारा रस्ता आहे. त्यावर आता वाहनांची इतकी गर्दी असते की तेथे पायी चालणे हेच धाडस ठरावे. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडण्यात आला, तोही या वाहतुकीच्याच फेररचनेसाठी. फाटकाच्या आत आल्यावर जी शांतता जाणवते तिचे मोल या पार्श्वभूमीवर अधिकच आहे.

पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली. डॉ. मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू. प्रारंभी कार्यालय भांडारकर संस्थेच्या निजाम अतिथिगृहात होते. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि शिक्षणमंत्री बाळासाहेब खेर यांनी पुढाकार घेतल्यामुळे १९५० च्या आरंभी गणेशखिंडीची विस्तीर्ण जागा विद्यापीठास मिळाली. राजभवन शेजारीच राहिले, पण मुख्य प्रासाद आणि त्याभोवतीची बाग यांचे दरवाजे विद्यार्थ्यांना उघडले. सत्तांतराचे वर्णन आपण सहसा ध्वज, शपथविधी आणि कायदे यांच्या भाषेत करतो. गव्हर्नरच्या बागेतून हातात वही घेऊन चालत जाणारा खेड्यातील पहिल्या पिढीचा विद्यार्थी, हेही त्याच सत्तांतराचे चित्र आहे.

चालण्याचा व्यायाम म्हणून झालेला विचार मात्र वेगळ्या वाटेने आला. आपल्याकडे शतपावली होती, तालमी होत्या, वारी होती. पण वारीत चालणे भक्तीचे आणि तालमीत व्यायाम बळाचा. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला (विद्यापीठाशेजारचे औंध उपनगर वेगळे, ते संस्थान साताऱ्याकडील), तर १९२४ मध्ये पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाने शारीरिक शिक्षणाचे संघटित कार्य आरंभिले. युरोपात फ्रेंच नौदल अधिकारी जॉर्ज हेबर्ट याने धावणे, चढणे, उड्या मारणे अशा नैसर्गिक हालचालींवर आधारित पद्धत मांडली. तिच्याच वळणावर १९६८ मध्ये झुरिक येथे ‘व्हिटा’ या विमा कंपनीच्या साहाय्याने जंगलात व्यायाम-वाट तयार झाली : थोडे चालावे, फलकापाशी थांबून सांगितलेला व्यायाम करावा आणि पुढे निघावे. पुढे ही कल्पना इतर देशांतील उद्यानांत आणि विद्यापीठांतही पोहोचली. विमा कंपनीला निरोगी विमेदार हवे असतात, हे त्यामागील कारण लपवण्याजोगे नाही.

या उपक्रमांना शास्त्रीय बळ मिळाले ते जेरी मॉरिस यांच्या १९५३ च्या संशोधनातून. लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी असल्याचे त्यांनी दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाच्या हालचालीची शिफारस केली. सपाट, सावलीचा आणि विनामूल्य रस्ता ज्याच्या घराजवळ आहे त्याला हे सहज साधते. शहरात असे रस्ते किती उरले आहेत, हा प्रश्न आरोग्याचा आहे तितकाच जमिनीच्या मालकीचा आहे. म्हणूनच सुरक्षेच्या किंवा शिस्तीच्या नावाखाली विद्यापीठीय परिसर बाहेरच्यांना बंद करावा असा विचार जेव्हा जेव्हा पुढे येतो, तेव्हा तो करणाऱ्यांनी १८७१ चे कुंपण आठवावे. अभ्यासाला शांतता हवी आणि वाहनांना आवर हवा, हे मान्यच आहे. पायी येणाऱ्या माणसाने मात्र अभ्यासाची हानी झाल्याचे उदाहरण सापडणे कठीण.

२०१४ मध्ये विद्यापीठाचे नामकरण झाले आणि २०२२ मध्ये मुख्य इमारतीच्या परिसरात सावित्रीबाईंचा पुतळा उभा राहिला. या नामकरणाचा चालण्याशी असलेला संबंध सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १८४८ नंतर सावित्रीबाई शाळेत शिकवावयास पायी जात, तेव्हा त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकले जाई. शाळेत बदलण्यासाठी त्या जादा लुगडे बरोबर नेत. विरोध शिकवण्याला होता, आणि एका स्त्रीने त्यासाठी भर रस्त्यातून चालत जाण्यालाही होता. आज त्यांच्या पुतळ्यासमोरून पहाटे अनेक स्त्रिया एकट्याने, भराभर पावले टाकीत जातात. या रस्त्यावर अंधाऱ्या वेळी पुरेसे दिवे असावेत, बसावयास बाके असावीत, आणि व्यायामाचे फलक लावायचेच असतील तर त्यांत एक फलक भुयाराच्या तोंडाशीही असावा.