लिस्बनच्या वहीतला जन्म

गोव्यात पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो, असं आपण सर्रास म्हणतो. पण पासपोर्ट ही शेवटची पायरी. त्याआधी लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवावा लागतो: आधी आजोबांचा, त्यांच्या लग्नाचा, मग वडिलांचा आणि सरतेशेवटी आपला. आजोबा १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मले असतील, तर पोर्तुगालचा कायदा त्यांना नव्याने नागरिक करून घेत नाही. ते जन्मल्यापासून पोर्तुगीजच होते, एवढंच तो मान्य करतो. मुलं-नातवंडं त्यांच्या पाठोपाठ येतात.

या हक्काचं मूळ बरंच खोल आहे. १५१० साली आफोन्सु द आल्बुकर्कने गोवा घेतला, पण जिंकलेल्या मुलखातली रयत आणि राज्याचा नागरिक यांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. ते अंतर कायद्याने तोडायचा मोठा प्रयत्न पोर्तुगालचा प्रधान पोंबाल याच्या १७६१ च्या फर्मानाने झाला. बाप्तिस्मा घेतलेल्या गोमंतकीयांना पोर्तुगालात जन्मलेल्यांच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. हिंदू त्यातून वगळलेलेच राहिले. पुढे पोर्तुगालातल्या १८२० च्या उठावानंतर लिस्बनला संसद भरली, तेव्हा गोव्यानेही आपले प्रतिनिधी निवडले. त्यांतले बेर्नार्दु पेरिश द सिल्व हे जन्माने गोमंतकीय, आणि १८३५ मध्ये तेच गोव्याचे प्रमुख शासक म्हणून आले. १८६७ ची नागरी संहिता काही वर्षांत गोव्यालाही लागू झाली. हिंदूंच्या वाट्याला समान हक्क यायला मात्र १९१० चं प्रजासत्ताक उजाडावं लागलं. त्यानंतर जन्म, लग्न, मृत्यू हे सगळं चर्चच्या वहीऐवजी सरकारी वहीत, आणि सर्व धर्मीयांसाठी, नोंदवलं जाऊ लागलं. आज नागेशीच्या किंवा मंगेशीच्या परिसरातलं एखादं हिंदू कुटुंब लिस्बनला अर्ज करू शकतं, ते या वह्यांच्या जोरावर.

अंगोला, मोझांबिक, गिनी इथल्या बहुसंख्य स्थानिकांना याच पोर्तुगालने १९६१ पर्यंत वेगळ्या कायद्याखाली, नागरिकत्वाबाहेर ठेवलं होतं. गोव्याला तो कायदा लागू नव्हता. पण या नागरिकत्वाचा काच गोमंतकीयांनी पुरेपूर सोसला, हेही विसरून चालणार नाही. पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या १९४६ च्या आंदोलनानंतर गोमंतकीय स्वातंत्र्यसेनानी त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हांना लष्करी न्यायालयाने शिक्षा ठोठावली आणि थेट पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन डांबलं. पोर्तुगालच्या लेखी ते परक्या देशाचे शत्रू नव्हते, बंडखोर नागरिक होते.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. लाखो माणसांचं राष्ट्रीयत्व एका दिवसात बदलायचं होतं. भारत सरकारने २८ मार्च १९६२ ला त्यासाठी खास आदेश काढला. जी व्यक्ती स्वतः, किंवा जिच्या आईवडिलांपैकी वा आजी-आजोबांपैकी कुणीही, २० डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलं असेल, ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक समजली जाईल. ज्यांना जुनंच नागरिकत्व ठेवायचं होतं, त्यांनी महिन्याच्या आत तसं लिहून द्यायचं होतं. या आदेशाची भाषा नीट वाचावी. आजोबांच्या जन्मगावावरून नातवाचं नागरिकत्व ठरवण्याची जी रीत आज लिस्बनची म्हणून नावाजली किंवा हिणवली जाते, ती भारतानेही वापरली होती. त्याच आजोबांवर, त्याच वहीतल्या त्याच नोंदीवर दोन राष्ट्रांनी हक्क सांगितला.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने गोवा गेल्याचं कधी कबूलच केलं नाही. साहजिकच गोमंतकीयांचं पोर्तुगीजपण काढून घेण्याचा प्रश्नही तिच्यापुढे आला नाही. एप्रिल १९७४ मध्ये ती राजवट कोसळली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत करार झाला. त्यावर भारताकडून सही केली परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांनी, पोर्तुगालकडून मारिओ सोआरिश यांनी. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मानलं. माणसांच्या नागरिकत्वाचा निकाल मात्र त्यात लागला नाही. जून १९७५ मध्ये पोर्तुगालने हुकूम काढून, स्वतंत्र झालेल्या वसाहतींत जन्मलेल्या बहुतेकांचं नागरिकत्व संपवलं. गोवा स्वतंत्र राष्ट्र झालेला नव्हता, भारतात सामील झाला होता. त्यामुळे तो या हुकमाच्या चौकटीत बसला नाही. आफ्रिकेतल्या लोकांना बंद झालेलं दार गोमंतकीयांसाठी उघडं राहिलं. त्यानंतर ३ ऑक्टोबर १९८१ चा राष्ट्रीयत्व कायदा आला आणि पोर्तुगीज आई किंवा बापाच्या, परदेशात जन्मलेल्या अपत्याने जन्म नोंदवला की ते मूळचंच पोर्तुगीज ठरू लागलं. दुसरं नागरिकत्व बाळगायलाही या कायद्याने हरकत ठेवली नाही. आजची सगळी रांग या दोन कायद्यांच्या आधारावर उभी आहे.

प्रत्यक्ष काम सुरू होतं ते 'तेओर'पासून. तेओर म्हणजे मूळ नोंदीची शब्दशः प्रत. तिच्यात तिरप्या हस्ताक्षरातला पोर्तुगीज मजकूर असतो, आईबापांची आणि आजी-आजोबांची नावं असतात, समासात पुढे कधीतरी घातलेली लग्नाची नोंद असते. खरी अडचण नावांची. पोर्तुगीज कारकून शणै लिहायचा 'सिनाय', कामत लिहायचा 'कामोतीं', प्रभू लिहायचा 'पोरोब'. 'श' आला की त्याच्या लेखणीतून 'एक्स' हे अक्षर उतरायचं. मुक्तीनंतर मुलं इंग्रजी किंवा मराठी शाळेत गेली, स्पेलिंगं बदलली, आडनावंच्या आडनावं बदलली. आता तेओरवरचा माणूस आणि आधार कार्डावरचा माणूस एकच, हे पटवून देण्यासाठी प्रतिज्ञापत्रं आणि दुरुस्त्या यांत महिनोन् महिने जातात.

एवढं करून पासपोर्ट हाती आला की भारताचा कायदा पुढे येतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ स्पष्ट आहे: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपलं. नुसती लिस्बनला जन्मनोंद केली, पासपोर्ट काढलाच नाही, तर काय? यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहे, आणि निवडणुकीला उभ्या राहिलेल्यांपर्यंत तो पोचलेला आहे. पोर्तुगाल म्हणतो, तू जन्मतःच आमचा होतास. भारत म्हणतो, तू आपणहून तिकडे गेलास. नोंद करणारा माणूस या दोन वाक्यांमध्ये सापडतो.

गेलेले बहुतेक जण पोर्तुगालात राहिलेही नाहीत. युरोपीय संघाच्या पासपोर्टावर ते इंग्लंडला गेले. स्विंडनमध्ये गोमंतकीयांची मोठी वस्ती झाली, दमण-दीवचे लोक लेस्टरला स्थिरावले. २०२० च्या अखेरीस ब्रिटन संघाच्या नियमांबाहेर पडला आणि ती सरळ वाट बंद झाली. उलटी वाटही आहे. मडगावच्या घराण्यातले आंतोनियु कॉस्ता पोर्तुगालचे पंतप्रधान असताना, जानेवारी २०१७ मध्ये, भारताने त्यांना ओसीआय म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड दिलं. तेही पूर्वजांच्याच आधारावर.

या सगळ्याला गद्दारी म्हणणं मला साफ अन्यायाचं वाटतं. जाणारा माणूस रोजगारासाठी जातो, आणि त्याने वापरलेला हक्क त्याच्या आजोबांवर दोन सरकारांनी लादलेल्या निर्णयांतून आलेला असतो. मात्र अजाण मुलांची नोंद करताना आईबापांनी कलम ९ वाचूनच सही करावी. मोठेपणी त्या मुलाला इथे मतदान करायचं असेल, निवडणूक लढवायची असेल. आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा हयात आहेत त्यांनी, अर्ज करायचा असो वा नसो, त्यांची तेओर प्रत आत्ताच काढून ठेवावी आणि नावांतले फरक त्यांच्याकडूनच समजून घ्यावेत. पोर्तुगीज अमदानीत जन्मलेला सगळ्यात धाकटा गोमंतकीयही आता साठीच्या पुढे आहे.